गच्चीवरचे रोमन

माझं नाक निवृत्त झालेलं आहे. मी अजून नोकरीत आहे.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात मी सेफ्टी ऑफिसर आहे. नाना तऱ्हेचे वास घेऊन घेऊन माझ्या नाकाने कधीतरी गुपचूप राजीनामा दिला. कंपनीत वास ओळखायला यंत्रं आहेत, त्यामुळे तिथे कुणाचं अडत नाही. घरी मात्र रोज अडतं. दूध उतू जाऊन करपतं, डाळ खाली लागते, आणि मी शेजारी बसून शांतपणे पेपर वाचत असतो. मग माझी बायको वनिता आतून धावत येते आणि म्हणते, "अहो, तुम्हाला खरंच काही वास आला नाही?" (वीस फुटांवरून तिला येतो. मला वीस इंचांवरून येत नाही!)

वनिताचं नाक तयारीचं आहे, कारण ती नवापूरची, कोळीवाड्यातली. तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सुकी मासळी विकतात. बोंबील, मांदेली, सुकट, सगळं. मी घाटावरचा माणूस. लग्नाआधी मला माशाची एकच जात ठाऊक होती, ती म्हणजे मासा. पण सासूबाईंनी मला जेवायला घालून घालून सुधारलं. त्या दर आठवड्याला पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात येतात, आणि बाजार आटोपला की आमची मुलगी मुक्ता जिथे चौथीत शिकते त्या शाळेच्या गेटवर तिला घ्यायला जायच्या.

जायच्या म्हणतोय, कारण हल्ली जात नाहीत. झालं असं की एकदा मुक्ताने डब्यात सुकटीची चटणी आणि भाकरी नेली. आमच्याच बिल्डिंगमधली तिची मैत्रीण रिया हिने डबा उघडल्या उघडल्या नाक धरलं. नाक धरायची साथ बाकड्या-बाकड्यांवरून पसरत गेली आणि सगळा वर्ग नाक धरून बसला. त्या दिवसापासून मुक्ता डब्यात जॅम-ब्रेड नेते. आणि एके दिवशी ती आजीला म्हणाली, "आजी, तू गेटवर नको येऊस. मी बसने येते." सासूबाई हसल्या, "बरं बाय, माजे पन पाय दुकतात," असं म्हणाल्या. मला ते फार लागलं. मुक्तालाही लागलं असावं, कारण त्या रात्री ती कारण नसताना उशीत तोंड खुपसून रडली.

अशा वेळी शाळेने रोमन लोकांना आमच्या घरी पाठवलं.

दिवाळीच्या सुट्टीत 'प्राचीन संस्कृती' असा प्रोजेक्ट करायचा होता. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या. रियाला इजिप्त आलं. म्हणजे थर्माकोलचे चार त्रिकोण चिकटवायचे, सोनेरी रंग मारायचा, काम खलास! मुक्ताला रोमन आले. शिवाय प्रत्येकाने सगळ्यांसमोर माईकवर बोलायचं होतं. आमची मुक्ता वर्गात पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा मैत्रिणीकरवी विचारते.

"बाबा, मी आजारी पडू का?" तिने मला अगदी व्यवहारी आवाजात विचारलं.

"काही गरज नाही! बाबा आहे ना!" मी म्हणालो. (हे वाक्य मी म्हटलं की वनिता देवापुढे दिवा लावते.)

मी तडक बोईसर स्टेशनजवळच्या शालेय वस्तूंच्या दुकानात गेलो. तिथे प्रोजेक्टचे तयार चित्रांचे तक्ते मिळतात. चित्रं कापायची, चिकटवायची, आणि मुलांनी स्वतः केलं म्हणायचं, अशी आपल्याकडची शिक्षणपद्धती आहे.

"रोमन खतम हो गया साब," दुकानदार म्हणाला. "ग्रीक ले जाओ."

"अरे, दोनों अलग हैं!"

"क्या अलग? दोनों चादर लपेटते हैं. मिस को क्या पता चलेगा?"

मला ते पटलं. मी ग्रीक घेऊन घरी आलो. मुक्ताने एक नजर टाकली आणि म्हणाली, "बाबा, हे ग्रीक आहेत." चौथीतल्या मुलीला कळलं, पण दुकानात मला कळलं नव्हतं. मग मी चिडून मोबाईलवर स्वतःच रोमन लोकांचा अभ्यास करायला बसलो. त्यांनी रस्ते बांधले, ते बरे होते. सार्वजनिक न्हाणीघरं बांधली, तीही ठीक. आणि मग मला गारम सापडलं!

गारम म्हणजे रोमन लोकांची माशांची चटणी म्हणा, नाहीतर कालवण म्हणा. छोटे मासे आणि माशांची आतडी घ्यायची, भरपूर मीठ घालायचं आणि दोन-तीन महिने उन्हात ठेवून द्यायचं. आंबून आंबून त्याचं पाणी होतं. बादशहापासून हमालापर्यंत सगळं रोम ते जेवणावर ओतून खायचं. त्याचा वास एवढा मारायचा म्हणे, की ते करणाऱ्यांना गावाबाहेर बसवत!

मी उडालोच. "वनिता! अगं, तुझ्या माहेरची माणसं रोमन निघाली!"

"माझ्या माहेरची माणसं तांडेल आहेत, होड्या चालवणारी," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "आता काय खूळ काढलंत?"

पण माझ्या डोक्यात चक्र फिरू लागलं होतं. ज्या वासापायी माझ्या पोरीने आजीला गेटवर यायला मना केलं, तोच वास अख्ख्या रोमन साम्राज्याला येत होता! हे वर्गाला दाखवलं की रियाची बोटं नाकावरून खाली येणार, मुक्ताची मान वर होणार आणि सासूबाई पुन्हा गेटवर उभ्या राहणार. मी मुक्ताला हाक मारली.

"मासे नको, बाबा," ती लगेच म्हणाली.

"अगं, साधे मासे नाहीत. रोमचा बादशहा खायचा!"

"रिया बादशहाला ओळखत नाही. ती नाक धरेल."

"बरं, आपण गुपचूप करू. गच्चीवर, टाकीच्या मागे. शाळेत फक्त छोटी सीलबंद बाटली न्यायची. वास बाहेर येणार नाही, कोणाला काही कळणार नाही."

तिने माझ्यावर बोट रोखलं. "बिल्डिंगमध्ये कोणाला कळता कामा नये. रियाला तर अजिबात नाही. प्रॉमिस?"

"सेफ्टी ऑफिसरचं प्रॉमिस!" मी छाती फुगवून म्हणालो. स्वयंपाकघरात वनिताला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मी नवापूरला गेलो. किनाऱ्यावर दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, आणि सासूबाई चार-पाच बायकांबरोबर मांदेली निवडत बसल्या होत्या.

"आई, थोडे मासे हवे होते," मी म्हणालो. "कुजवायला."

सगळ्या बायकांचे हात थांबले. सासूबाईंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"जावयबुवा, तब्येत बरी हाय ना?"

"बरी आहे. मला मासे कुजवायचेत."

"आमी बाया हितं उन्हात तळतो, मासली कुजू नाय म्हनून! न् तुमी कुजवायला मागता? कोन ऐकलं तर काय म्हनंल? तांडेलाचा जावय मासली कुजवतो!" बाकीच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"आई, मुक्ताच्या शाळेसाठी हवेत."

"मुक्तीला पायजे?" त्यांचा आवाजच बदलला. "मंग आदी सांगायचं ना!" लगेच त्यांनी मासे, आतडी आणि मिठाची भली मोठी पिशवी बांधून दिली. मी निघालो तेव्हा त्या रस्त्यापर्यंत आल्या. "मुक्ती बरी हाय ना?" त्यांनी हळूच विचारलं. "माजी आटवन काडते?"

"रोज काढते," मी म्हणालो. मी घाईघाईने स्कूटर सुरू केली.

आता कृती. रोमन लोकांकडे महिने होते, आमच्याकडे फक्त दिवाळीची सुट्टी. बाजारातून नवाकोरा निळा ड्रम आणला, घट्ट झाकणाचा. त्यात मासे घातले. मीठ सासूबाईंनी भरपूर दिलं होतं, पण मी जरा हात राखूनच टाकलं. मला ब्लडप्रेशर आहे. (चटणी कोणीही खाणार नव्हतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. सवय, दुसरं काय!) मुक्ता शेजारी उकिडवी बसून मोबाईलवरची माहिती वाचून दाखवत होती.

"बाबा, यात लिहिलंय मीठ खूप पाहिजे."

"रोमन लोकांना ब्लडप्रेशर नव्हतं."

मग मी झाकण दाबून बसवलं आणि वरून टेपचे वेढेच्या वेढे मारले. मी दर सोमवारी कारखान्यात कामगारांना ओरडून ओरडून सांगतो की बंद डब्यात काही आंबत असेल तर आतल्या वायूला बाहेर पडायला वाट ठेवा, नाहीतर डबा फुटेल. पण तो झाला कारखाना. हे घरचं काम होतं! शेवटी कोणी आगाऊपणा करून ड्रम उघडू नये म्हणून घरात पडलेलं कंपनीचं एक स्टिकर त्यावर चिकटवलं. पिवळं, वर कवटी आणि दोन हाडं, खाली 'धोका'.

"आता कोणी हात लावणार नाही," मी समाधानाने म्हणालो.

दिवाळी झाली. फराळ संपला. आणि बिल्डिंगमध्ये कुजबुज सुरू झाली.

बोईसरमध्ये वास आला की माणूस आधी आकाशाकडे बघतो आणि मग औद्योगिक वसाहतीकडे. लिफ्टपाशी मला कोणी ना कोणी गाठायचं. "काय हो, आज काय सोडलंय कंपनीवाल्यांनी?" मग मी बोट ओलं करून हवेत धरायचो, डोळे बारीक करायचो आणि म्हणायचो, "कुंभवलीच्या बाजूने वारा आहे. हवेत दमटपणा. संध्याकाळपर्यंत विरेल." लोक आदराने मान हलवायचे. मला कशाचाही वास येत नव्हता, पण बोलण्यात कुठे अडखळलो नाही.

फक्त सोसायटीचे सेक्रेटरी सावेकाका मान हलवत नसत. ते तारापूरच्या अणुकेंद्रातून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी आमचे रसायनांचे कारखाने म्हणजे पोरखेळ. "काहीतरी वेगळं आहे," ते म्हणाले. "गच्चीवर मांजरं जमतायत. प्राण्यांना आधी कळतं." खरोखरच गावातली झाडून सगळी मांजरं गच्चीवर येऊन टाकीभोवती गोल करून बसत होती. सभा भरल्यासारखी, गप्प.

मुक्ताने मला कोपऱ्यात घेतलं. "बाबा, ड्रमचं झाकण फुगलंय."

"चांगलंय. म्हणजे आतमध्ये काम चालू आहे," मी म्हणालो.

शेवटी तो रविवार उजाडला. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. वनिता पोहे करत होती, मुक्ता आरशासमोर जुनी चादर गुंडाळून भाषण म्हणत होती, तेही आरशाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. आणि वरून आवाज आला. धडाम्!

"कुणाचा तरी उरलेला सुतळी बॉम्ब," मी म्हणालो.

वनिताने झारा खाली ठेवला. तिच्या नाकपुड्या फुलल्या. तिचे डोळे मोठे झाले. "अहो... हा वास... अहो, हा तर आपला..."

"वास?" मी ताडकन उठलो. स्फोट! वास! गळती! ज्या क्षणाची मी सगळी नोकरीभर तयारी केली, तो क्षण आला होता! "बोलू नकोस! तोंड झाक! श्वास रोखून धर!" मी ओला रुमाल तिच्या नाकातोंडावर दाबला. ती हात हलवत "म्म्म! म्म्म!" करत होती. भीतीने माणसाची वाचा जाते, हे मला प्रशिक्षणात शिकवलेलं आहे.

मी हेल्मेट चढवलं, शिट्टी तोंडात धरली, गणपतीत वापरतो तो हातातला भोंगा घेतला आणि जिन्यात उतरलो. "सर्वांनी बाहेर पडा! लिफ्ट वापरू नका! वाऱ्याच्या आडव्या दिशेने चला!"

दारं किलकिली झाली. "आज ड्रिल आहे का?"

"ड्रिल नाही! खरं आहे!"

"पण आज रविवार आहे," एक जण म्हणाला आणि दार लावून घेतलं.

कारखान्यातही हेच होतं. सायरन वाजला की कोणी चहा संपवतो, कोणी चार्जिंगला लावलेला मोबाईल काढायला परत जातो. पण इथे मला फार ओरडावं लागलं नाही. माझ्यामागून तो वास स्वतःच जिना उतरत आला. एकेक मजला आला की दारं धाडधाड उघडत गेली! कोणी टॉवेलवर, कोणी अर्ध्या दाढीला साबण लावलेला, रियाची आई प्रेशर कुकर पोटाशी धरून, रिया थर्माकोलचा पिरॅमिड डोक्यावर घेऊन. सावेकाका तोंडाला मफलर बांधून उतरले. बघता बघता सगळी बिल्डिंग शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर उभी! मी बोट ओलं करून वारा पाहिला, माणसं मोजली, म्हाताऱ्यांना दगडावर बसवलं. खरं सांगतो, माझा ऊर भरून आला होता. वनिता रुमाल काढून माझ्याकडे यायला धडपडत होती, पण मी तिला हातानेच थांबवत होतो. ऑफिसर कामात असताना घरच्यांनी मध्ये येऊ नये.

"तिवारी! ऊपर जाके देखो," सावेकाकांनी वॉचमनला फर्मावलं. तिवारी नाकावर गमछा बांधून गेला आणि गेला तसा धावत परत आला.

"साब! ऊपर ड्रम फटा है! नीला ड्रम! उस पे खोपडी का निशान है!"

गर्दीत हलकल्लोळ माजला. "केमिकल! कुणीतरी आपल्या गच्चीवर केमिकल लपवलं!" सावेकाकांनी खिशातून फोन काढला. "मी फायर ब्रिगेडला लावतो, मग पोलिसांना. ज्याने हे केलंय त्याला आत टाकायला हवं! काय हो ऑफिसर, बरोबर ना?"

निळा ड्रम. कवटी.  हेल्मेटखालून घामाची धार लागली. वनिताने रुमाल खाली केला आणि इतकंच म्हणाली, "हेच सांगत होते मी."

माझ्या हातात एक छोटा हात आला. मुक्ता. अंगावर अजून चादर, चेहरा पांढराफटक. "बाबा," ती कुजबुजली, "सांगू नका ना. तुम्ही प्रॉमिस केलंय. रिया इथेच आहे."

आता बोला! सांगावं तर पोरीचा विश्वास जातो, न सांगावं तर पोलीस येतात. मी "अं... थांबा... वाऱ्याची दिशा..." असं काहीबाही बडबडू लागलो. तेवढ्यात रियाच्या आईने हवेत नाक वर केलं.

"पण हा वास केमिकलचा नाहीये. हा माशांचा वास आहे!"

सगळ्यांनी श्वास ओढला. (मीही ओढला. उगाच!) आणि नेमकी त्याच वेळी रस्त्यावर रिक्षा थांबली, आणि डोक्यावर पाटी घेऊन माझ्या सासूबाई उतरल्या. दुसऱ्या दिवशी नातीचं भाषण, म्हणून तिला मांदेली खाऊ घालायला आल्या होत्या. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. रियाने दोन बोटांनी नाक धरलं.

"अहो आजी," सावेकाका पुढे झाले, "गच्चीवर तुमचं काही ठेवलं होतं का?"

सासूबाईंनी गर्दीकडे पाहिलं. माझ्या हेल्मेटकडे पाहिलं. मग चादर गुंडाळलेल्या, माझ्या हाताला लटकलेल्या मुक्ताकडे पाहिलं. सगळं त्यांच्या ध्यानात आलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "माजंच हाय. मासलीचा डबा ठेवला होता. चुकलं माजं. उचलून नेते मी. तुमी कोनी जावयबुवांना बोलू नका."

"काय हे, आजी," रियाची आई म्हणाली. "इथे लोक राहतात हो."

"व्हय बाय. चुकलं."

आणि त्या पाटी सावरत, खाली मान घालून जिन्याकडे चालू लागल्या.  मी तोंड उघडलं, पण त्याआधीच माझ्या हातातला छोटा हात सुटला. आणि दुसऱ्या हातातला भोंगा नाहीसा झाला.

"आजीचा नाहीये!"

आवाज एवढा मोठा होता की पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले. मुक्ता दगडावर चढली होती. एका हाताने चादर सावरत होती, दुसऱ्या हातात भोंगा.

"आजीच्या मासळीला असा वास येतच नाही! तो वास छान असतो! हा आमचा आहे. माझा आणि बाबांचा. हे गारम आहे!"

 टॉवेलवरचे, साबणवाले, कुकरवाली, सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"रोमन लोक खूप ग्रेट होते," मुक्ता म्हणाली. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता, मग कापायचा थांबला. "त्यांनी रस्ते बांधले. पण त्यांना जेवताना मासळी लागायची. ते मासे आणि आतडी मिठात घालून उन्हात ठेवायचे. त्याचं गारम व्हायचं. गरीब लोक खायचे आणि बादशहा पण खायचा. तेव्हा कोणी नाक धरायचं नाही, कारण सगळ्यांच्याच तोंडाला वास यायचा! माझी आजी पण मासळी उन्हात ठेवते. ती कोळीण आहे. तिची मासळी कधीच कुजत नाही. आमची कुजली, कारण बाबांना ब्लडप्रेशर आहे म्हणून त्यांनी मीठ कमी घातलं. आणि झाकणाला भोक पाडलं नाही. आणि कवटी पण त्यांनीच चिकटवली. थँक यू!"

 मग सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. हेल्मेट, शिट्टी, ओलं बोट. सगळ्यांत आधी सावेकाकांना हसू फुटलं. मफलरमधून "खु खु" आवाज आला आणि मग त्यांना आवरेना. मग तिवारी, मग रियाची आई, मग सगळा प्लॉट! मी आयुष्यात इतक्या लोकांना एकाच वेळी इतकं सुखी केलेलं नाही.

मुक्ता दगडावरून उडी मारून पळाली आणि आजीच्या कमरेला मिठी मारून रडायला लागली. "आजी, तू गेटवर ये. उद्या ये. पाटी घेऊनच ये." सासूबाईंनी पाटी तिथेच जमिनीवर ठेवली आणि नातीचा पापा घेतला. "येडी कुटली," असं म्हणता म्हणता त्यांचेही डोळे वाहायला लागले. वनिताचेही. माझेही, पण मी ते हेल्मेटच्या पट्ट्याने पुसले.

रिया जवळ आली. नाकावरची बोटं तिने खाली घेतली होती, पुन्हा धरावीत की नाही ते तिला कळत नव्हतं. "बादशहा खरंच खायचा?" तिने विचारलं.

"खरंच," मुक्ता नाक ओढत म्हणाली. सासूबाईंनी पाटीतली सुकी मांदेली रियाच्या हातावर ठेवली. तिने हुंगली, चाटली, आणि म्हणाली, "खारट आहे." पण टाकली नाही.

त्या दिवशी दुपारी मी एकट्याने गच्ची धुतली. ब्लीचिंग पावडर, फिनेल, पुन्हा ब्लीचिंग पावडर. कठडा धरून सगळी बिल्डिंग सुपरव्हिजन करत होती. वास गेला की नाही, ते मला कळायची सोय नव्हती. "गेला का हो?" मी दर बादलीनंतर विचारायचो. "अजून आहे थोडा," सावेकाका गंभीरपणे म्हणायचे. संध्याकाळी वनिता वर आली आणि म्हणाली, "अहो, वास कधीच गेलाय. ते मजा घेतायत तुमची."

सोमवारी प्रदर्शन. गेटवर सासूबाई नवं लुगडं नेसून, केसात अबोली माळून, पाटी घेऊन उभ्या होत्या. मुक्ता त्यांचा हात धरून आत शिरली आणि भेटेल त्याला "ही माझी आजी" असं सांगत सुटली. गारम अर्थातच उरलं नव्हतं. टेबलावर आजीची सुकी मासळी होती आणि त्यापुढे कागद : 'रोमन लोकांना हे नीट जमत नव्हतं.' माईकवर ती अशी बोलली की मागच्या रांगेतले पालकसुद्धा मोबाईल खाली ठेवून ऐकत होते.

भाषण संपल्यावर मिस हसत हसत आमच्याकडे आल्या. "मुक्ता, किती छान बोललीस! इतकी धीट कधी झालीस? आणि खरं सांग हं, घरच्यांनी किती मदत केली?"

"आईने चादर नेसवली," मुक्ता म्हणाली. "आजीने मासे दिले."

"आणि बाबांनी?"

 मुक्ताने माझ्याकडे पाहिलं. ती अगदी प्रामाणिक मुलगी आहे.

"बाबांनी ना, मिस, माझं भाषण ऐकायला आख्खी बिल्डिंग खाली आणली."

"अरे वा! असे पालक हवेत!" मिस कौतुकाने म्हणाल्या आणि सगळ्या पालकांना माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाबद्दल एवढं चांगलं कोणी बोललेलं नाही, म्हणून मी काही दुरुस्ती सुचवली नाही. उठून नमस्कार केला.